साडूभाऊंचा तालुका संघ

जगातल्या कुठल्याही देशाचा फुटबॉल संघ हरला, की तो का हरला हे त्या देशाच्या आधी पेणमध्ये एका माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा साडू आहे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, एवढ्या एकाच पुण्याईवर मी हे ज्ञान वर्षानुवर्षं घरबसल्या घेत आलो. मी राहतो रोह्याला. पेण काही लांब नाही, मधे नागोठणं लागतं आणि पाठोपाठ पेण येतंच. पण एखादा मोठा सामना झाला की मी तिकडे जाणं शक्य तेवढं टाळायचो. मग त्यांचा फोन यायचा. साडूभाऊंचा फोन ‘हॅलो’नं सुरू होत नसे, “बघितलंत ना?” असा सुरू होई. काय बघितलं हे विचारायची सोय नव्हती आणि नाही बघितलं म्हणायची तर बिशादच नव्हती. एकदा घरात पाहुणे जेवायला बसलेले असताना त्यांनी मला एका पेनल्टीची मीमांसा ऐकवली. ती संपेपर्यंत पाहुणे जेवून, हात धुऊन, सुपारी खाऊन गेले, आणि मी मात्र पहिल्या घासाचा भात हातात धरून “हो हो, बरोबर आहे” म्हणत बसलो होतो.

साडूभाऊंचा पेणला कारखाना आहे. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. बाराही महिने फळ्यांवर कच्चे गणपती वाळत असतात आणि फळ्यांच्या मधून जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी वाट असते. ह्या वाटांमधूनच साडूभाऊंनी फुटबॉलचा संघ तयार केला. दुपारचा चहा झाला की कारागीर हात धुतात आणि चेंडू बाहेर येतो. नियम एकच, चेंडू जमिनीवरून सरकवायचा, उडवायचा नाही. एकाही सोंडेला वारासुद्धा लागता कामा नये. असा सराव करून करून त्या माणसांचे पाय इतके हळुवार झाले आहेत, की आपल्याला लाथ बसली हे चेंडूला बऱ्याच उशिरा कळतं. आसपासच्या स्पर्धांमध्ये हा संघ समोरच्यांना चेंडूचं नुसतं दर्शन देतो, प्रसाद देत नाही. जिंकलेले चषक गणपतींच्याच फळीवर मांडलेले आहेत. एका गिऱ्हाइकानं त्यातला एक हातात घेऊन, “हीच मूर्ती, पण जरा उंच मिळेल का?” असं विचारलं होतं म्हणतात. हे मला साडूभाऊंनीच सांगितलं, तेव्हा त्यात खरं किती ते आपलं आपण ठरवावं.

तर अशा ह्या साडूभाऊंचा एक सिद्धांत होता. मोठ्या क्लबचा नावाजलेला गुरुजी देशाच्या संघाला काडीच्या उपयोगाचा नसतो. मॅनेजर, कोच वगैरे शब्द त्यांना मंजूर नाहीत. शिकवतो तो गुरुजी. कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून ते हात पुसत पुसत सांगायचे, “अवो, क्लब म्हंजे कारखाना! माती आपली, साचा आपला, वर्षभर हात आपलाच फिरतोय. आन् देशाचा संघ म्हंजे काय? चतुर्थीच्या आदल्या दिवशी धा कारखान्यांतनं उचलून आणलेले गणपती. कुणाची सोंड डावी, कुणाची उजवी. तुमी फक्त वळीत मांडायचे आन् वाट बघायची!” कुणी म्हणालं, की अमुक देश तर क्लबच्याच गुरुजीनं जिंकवला, तर त्यावरही उत्तर तयार असे. “तो जिंकला नाय. समोरचे हरले.” एके दिवशी वाद फारच पेटला आणि साडूभाऊंनी भर टपरीवर प्रतिज्ञा केली. क्लबचा गुरुजी असा गोळा केलेला संघ माझ्या डोळ्यांदेखत जिंकवून दाखवेल, त्या दिवसापासून मी फुटबॉलवर तोंड उघडणार नाही. हा दिवस लवकर उगवावा म्हणून थोरल्या मेव्हणीबाईंनी, म्हणजे आमच्या ताईंनी, सोमवार धरले आहेत असं माझी बायको सांगत असे.

महादेव पावला, पण भलत्याच वाटेनं. दरवर्षी थंडीत, भातकापणीनंतर, पेण तालुका विरुद्ध रोहा तालुका असा सामना होतो. अलीकडे तो आम्ही रोहेकर जिंकतो, आणि जिंकल्यावर तो जरा मोठ्यानंच जिंकतो. ह्या वर्षी पेणची फुटबॉलवाली मंडळी थेट साडूभाऊंच्या कारखान्यात आली आणि म्हणाली, “तालुक्याचा संघ तुमी तयार करा.” त्या दिवशी मला आलेला फोन आयुष्यात पहिल्यांदा ‘हॅलो’नं सुरू झाला. “साडूभाऊ, माझी पंचाईत झाली हाय,” ते म्हणाले. पंचाईत खरीच होती. साडूभाऊ म्हणजे क्लबचे गुरुजी, आणि तालुक्याचा संघ म्हणजे गोळा केलेला संघ. तो जिंकला तर ह्यांचं तोंड कायमचं बंद, आणि हरला तर पेणची अब्रू ह्यांच्या हातून गेली. मी प्रामाणिक सल्ला दिला, की नाही म्हणून सांगा. “नाय कसं म्हणू? तालुक्याचा मान हाय तो.” मागून ताईंचा आवाज आला, “हरून आलात तर दार उघडणार नाय, सांगून ठेवते!” ताईंचे सोमवार चालूच होते, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

मग निवड सुरू झाली. देशाच्या गुरुजीला जे सोसावं लागतं ते सगळं साडूभाऊंना सव्याज भोगावं लागलं. आमच्या गावाचा एक तरी गडी पाहिजे, म्हणून माणसं यायला लागली. गागोद्याकडचे शेतकरी वालाच्या शेंगांची पाटी ठेवून गेले. धरमतरच्या खाडीवरून एक भला मोठा जिताडा मासा आला; आमच्या भागात जिताडा आला म्हणजे शब्द टाकल्यासारखंच असतं. साडूभाऊ तत्त्वाचे. “परत न्या,” ते गरजले. पण ताईंनी तोवर तुकडे करून त्यांना हळद-मीठ लावलं होतं. पुढं, ज्याच्यासाठी तो आला होता, तो धरमतरचा मालाच्या बार्जवरचा गडी खरोखरच उत्तम खेळतो असं दिसलं आणि त्याला संघात घ्यावं लागलं. तेव्हापासून साडूभाऊ जेवताना मधेच थांबून विचारायचे, “मी त्या गड्याला घेतला का जिताड्याला?” ताई म्हणायच्या, “आणखी एक तुकडी वाढू का, ते सांगा.”

संघ जमला, आणि सराव अर्थातच कारखान्यात ठेवला. दुसरीकडं सराव होऊ शकतो हे साडूभाऊंना ठाऊकच नव्हतं. संघात बॅकच्या, म्हणजे बचावाच्या, जागेवर डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं काम करणारा एक वेल्डर होता, झुपकेदार मिशांचा, दाराची चौकट भरून टाकणारा. साडूभाऊंनी त्याला फळ्यांमधल्या वाटेत उभं केलं आणि म्हणाले, “हळूच सरकव.” त्या बिचाऱ्यानं जन्मात काही हळूच सरकवलेलं नव्हतं. त्यानं त्याच्या मते हळूच मारला. चेंडू एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, तिथून आढ्याला आणि आढ्यावरून पुन्हा तिसऱ्या फळीवर गेला. धूळ खाली बसली तेव्हा ओळीच्या ओळी आडव्या झाल्या होत्या. सोंडा इकडं, मोदक तिकडं. वेल्डर तिथंच गुडघ्यांवर बसला, त्यानं हात जोडले आणि लहान मुलासारखा रडू लागला. मूर्तीवर बोटाचा ठसा उमटला तरी कारखाना डोक्यावर घेणारे साडूभाऊ त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडू नको रे. अजून मातीच हाय ती. परत भिजवू.” ताईंनी तुकडे गोळा करून पाण्यात घातले. साडूभाऊ रिकाम्या झालेल्या फळीवर बराच वेळ बसून राहिले. मग मला फोन करून म्हणाले, “चूक माझी हाय. ह्याला ह्या बोळात आणलाच का मी?”

त्यानंतरचे साडूभाऊ मी पाहिले ते स्कूटरवरच. वेल्डरची शिफ्ट, बार्जवाल्याची भरती-ओहोटी, गागोद्याच्या गड्यांचं वालाचं शेत, सगळे एका वेळी एका जागी येणं शक्यच नव्हतं. मग हेच पायाशी चेंडू ठेवून सगळ्यांकडं जाऊ लागले. सकाळी गागोद्याच्या बांधावर, दुपारी धरमतरच्या जेट्टीवर, संध्याकाळी डोलवीच्या गेटबाहेर. कुणालाही आपल्यासारखं खेळायला शिकवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हे एवढं न शिकवणं त्यांना इतकं जड गेलं, की ते चक्क बारीक झाले. वेल्डरला मात्र एक गोष्ट ते शिकवत होते, डाव्या पायानं चेंडू मारायला. “उजवा पाय देवानं दिलाय त्याला,” म्हणायचे, “डावा मी देतो.” आणि एवढं सगळं करूनही पूर्ण संघ एकत्र असा पहिल्यांदा उभा राहिला तो सामन्याच्याच दिवशी.

सामना पेणला होता. मी रोहेकरांत बसलो होतो आणि रोहेकर म्हणून ओरडतही होतो. एरवी साडूभाऊ सामन्यात रेषेवरून इतके पळतात, की नवख्या रेफ्रीनं त्यांना एकदा ऑफसाइड दिला होता. त्या दिवशी ते खुर्चीवर बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्यांच्या शेजारी बसलेल्या ताईंनीच शेवटी न राहवून, “अगो बाय, कुणीतरी मारा ना तो!” अशी आरोळी ठोकली. शेवटी शेवटी कॉर्नरवरून आलेला चेंडू गागोद्याच्या एका गड्याच्या पाठीवर आदळला, तिथून बार्जवाल्याच्या गुडघ्याला लागला आणि आमच्या गोलात गेला. इतका कुरूप गोल मी पाहिलेला नाही. शिट्टी झाली, पेण जिंकलं. ढोल वाजले, गुलाल उडाला. साडूभाऊंनी एकदा तोंड उघडलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग त्यांनी ते मिटलं. मैदान ओलांडून ते सरळ माझ्याकडं आले आणि मला, शत्रुपक्षातल्या माणसाला, गच्च मिठी मारली. ते इतके आनंदात होते आणि इतके गप्प होते, की मला काय करावं ते कळेना.

आम्हाला वाटलं होतं, प्रतिज्ञा आठवडाभर टिकेल. पण साडूभाऊंनी ती पाळली. टपरीवर लोक मुद्दाम काहीबाही बोलायचे, एका विद्वानानं तर फुटबॉलमध्ये गोलकीपरची खरं म्हणजे गरजच काय असा सवाल टाकला. साडूभाऊंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण ते चहा पिऊन निघून गेले. मोठमोठे सामने झाले, मोठमोठे देश हरले, आणि माझा फोन वाजला नाही. जेवण गरम गरम पानात पडू लागलं आणि बेचव लागू लागलं. मी बायकोला म्हटलं, “तुझ्या ताईला विचार, सगळं ठीक आहे ना?” ती म्हणाली, “ताईनं सोमवार सोडले. म्हणते, घर खायला उठतंय.”

मग एका रविवारी मीच पेणला गेलो. चिडवायला एक फक्कड वाक्य तयार ठेवलं होतं, क्लबचा गुरुजी शेवटी जिंकला की नाही, अशा अर्थाचं. साडूभाऊ कारखान्यात नव्हते. “डोलवीला गेलेत,” ताई म्हणाल्या, “शिफ्ट सुटायच्या टायमाला जातात. बोलत काय नाय, नुसते जातात.” मी रिक्षा करून गेलो. कंपनीच्या गेटसमोर रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून साडूभाऊ उभे होते. शिफ्ट सुटली होती. डबे, हेल्मेटं, मोटरसायकली, माणसांचा लोंढा बाहेर आला, पांगला आणि संपला. मिशीवाला वेल्डर काही दिसला नाही. शेवटी साडूभाऊ गेटवरच्या माणसाशी बोलून आले. त्या ठेकेदाराचं इथलं काम संपलं होतं. माणसं कुठं गुजरातेत नेली होती, आणि निघायचं इतकं घाईत ठरलं की कुणाला सांगायला सवड झाली नव्हती. साडूभाऊंनी मला पाहिलं. मी कसा आलो, कधी आलो, काही विचारलं नाही.

“डावा पाय राहिला त्याचा,” ते म्हणाले. “आणखी थोडे दिस मिळायला हवे होते. क्लबात असता तर माझ्याकडंच राहिला असता वो.”

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही. प्रतिज्ञा मोडली हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझं फक्कड वाक्य मी गिळून टाकलं. स्कूटरवर त्यांच्या मागं बसलो आणि विचारलं, “का हो, डाव्या पायानं मारायला नेमकं काय करावं लागतं?” त्यांनी स्कूटर सुरू केली. मग वडखळ येईपर्यंत हळूहळू आणि तिथून पेणपर्यंत जोरजोरात ते बोलत राहिले. अर्धं बोलणं वाऱ्यानं नेलं, उरलेलं ट्रकांनी. मी त्या सगळ्याला हो हो म्हणत होतो, आणि पेण जरा लांब असतं तर बरं झालं असतं असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.