अक्षय तृतीयेचं खरेदीपत्र

आकाराम मोल्डर म्हणजे बोलायला तोफ. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत बावीस वर्षं त्यानं वाळूचे साचे भरले, पण मालकापुढंसुद्धा गड्याचा आवाज कधी खाली आला नाही. घरात मात्र धोंडुबाईचं चालायचं, आणि धोंडुबाई पंचांगावर चालायची.

बावड्याच्या वाटेवर कंपनीच्या दोन खोल्या होत्या. नवरा-बायकोनं सारा संसार तिथंच केलेला. जोतिबाची यात्रा झाली आणि मॅनेजर दत्तोपंत म्हणाले, "आकाराम, मालक खोल्या विकतायत. तुझ्या तूच घे. उद्याच रजिस्टर करून टाकू."

"उद्या न्हाय!" धोंडुबाईनं ठणकावलं. "अक्षय तृतीयेला घेतलेलं कधी सरत न्हाय. अठरा दिसांत काय आभाळ कोसळतंय व्हय?"

झालं, थांबले. धोंडुबाईनं पाटल्या मोडल्या आणि ऐन अक्षय तृतीयेला खरेदीपत्र केलं. आकारामनं गल्लीभर पेढे वाटले.

दिवाळीत फौंड्रीला टाळं लागलं. मुंबईच्या हायकोर्टानं कंपनी मोडीत काढायचा हुकूम दिला आणि तिची मालमत्ता ताब्यात घ्यायला लिक्विडेटर साहेब नेमला. त्याची नोटीस आकारामच्या दारात: खोल्या कंपनीच्या आहेत, खाली करा.

आकाराम हसला की! "हुकूम दिवाळीचा, माझा कागद वैशाखातला. साहेबाला याड लागलंय काय?"

तीन वर्षं कोर्टात भांडण चाललं. निकालाला आकाराम स्वतः मुंबईला गेला, खरेदीपत्र छातीशी धरून. सगळं इंग्रजीत झालं. बाहेर आल्यावर वसंतराव वकिलांनी त्याला बाकावर बसवलं.

"आकाराम, कायदा हुकमाचा दिवस धरत नाही. कंपनी मोडीत काढा म्हणून अर्ज ज्या दिवशी पडला, तो दिवस धरतो. त्यानंतरची विक्री कोर्टानं मानली तरच टिकते. मालकानं पैसा स्वतःच्याच घशात घातला, म्हणून कोर्टानं मानली नाही."

"अर्ज कवा पडला हुता?"

"अक्षय तृतीयेच्या आधी आठ दिवस."

आकारामच्या पायांखालची जमीनच सरकली. सरकारी शिक्का, साक्षीदारांच्या सह्या, सगळं जागच्या जागी, आणि तो कागद कागदच नव्हे म्हणे! काय म्हणावं ह्या कायद्याला! दत्तोपंतांचं 'उद्याच' त्याच्या कानात घुमायला लागलं. तेव्हाच घेतल्या असत्या तर कागद अर्जाच्या आधीचा ठरला असता.

कोल्हापूर येईस्तोवर एकच घोर: धोंडुबाईला सांगायचं काय?

ती दारातच उभी होती. त्याचा चेहरा बघूनच तिला निकाल कळला. "कशापायी हरलो वो?"

"वकील बावळट निघाला," आकाराम म्हणाला. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात.

तिथंच फसलं. इतकी वर्षं त्याचं ओरडणं ऐकलेली बाई ती. टक लावून बघत राहिली. भांडण तारखांचं होतं, एवढं तिलाही ठाऊक होतं.

"त्या अठरा दिसांपायी, व्हय?"

आकारामनं मान खाली घातली. धोंडुबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती आत गेली, खिळ्यावरचं पंचांग काढलं आणि पेटत्या चुलीत घातलं.

"अगं, खोल्या सोडायला महिन्याची मुदत हाय," आकाराम घाबरून म्हणाला. "चांगला दिस बघून निघू की."

"आजच," धोंडुबाई म्हणाली आणि भांडी गोळा करायला लागली.