गळ्यातलं लॉकेट आणि बायकोची गोळी

बायकोची थायरॉइड ग्रंथी सुसाट सुटली होती. डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी सांगितली. एकच. गिळायची, घरी जायचं आणि काही दिवस माणसांपासून अंतर राखायचं. 'किरणोत्सर्गी' ऐकताच माझ्यातला वैज्ञानिक जागा झाला. हा वैज्ञानिक दहावीला काठावर पास झाला होता.

मी तिला न विचारताच मित्राची खाडीपलीकडची, गोराईची रिकामी खोली ठरवून टाकली. पंधरा दिवस.

"एकटी?"

"समुद्राची हवा आहे ना."

"मला घरी राहायचंय रे," ती म्हणाली. मी ऐकलं नाही.

माझा स्वतःचा बंदोबस्त मात्र पक्का होता. वर्षापूर्वी घाटकोपरच्या एका हॉलमध्ये एका कोटवाल्या विक्रेत्याने माझा आडवा धरलेला हात सहज खाली दाबला होता. मग गळ्यात 'ऊर्जेचं लॉकेट' घालून पुन्हा दाबला, तर हात हलेना. मोबाइलची किरणं अडतात म्हणे, आखडलेले गुडघे सुटतात, झोप लागते. मी ते तिथेच विकत घेतलं आणि आंघोळीलाही काढत नसे.

गोळीच्या दिवशी, ती द्यायच्या आधी, मी हॉस्पिटलातल्या तंत्रज्ञाचं डोकं इतकं खाल्लं की तो किरणं मोजायचं यंत्रच घेऊन आला. बायकोजवळ धरलं. जवळजवळ गप्प. मग सहज माझ्याकडे वळवलं, तर छातीपाशी ते फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडायला लागलं.

"काका, गळ्यात काय आहे?"

दाखवलं.

"असल्या लॉकेटांत बरेचदा थोरियमची, म्हणजे किरणोत्सर्गी धातूची, भुकटी असते. काढा आधी." मग म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वी परदेशात श्रीमंत लोक रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून प्यायचे. चेहरा उजळायला क्रीमसुद्धा होतं."

"उजळले?" बायकोने विचारलं.

"पाणी पिणाऱ्यांतल्या काहींचे जबडे झडले."

तिने माझ्या जबड्याकडे निरखून पाहिलं.

लॉकेट काढत, विषय बदलायला मी गोराईचं सांगितलं. तो बघतच राहिला. "बोटीतून? खांद्याला खांदा लावून? तेच तर टाळायचंय. घरात वेगळी खोली आहे ना?"

"आहे," मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली.

तिने गोळी गिळली. मुलुंडला परतताना टॅक्सीत ती मागे, मी पुढे. घरी ती बेडरूममध्ये, मी हॉलमध्ये. संध्याकाळी दारात ताट ठेवून मी चपळाईने मागे सरलो.

"घाबरलास ना?" आतून आवाज आला.

"छे."

"मी घाबरलेय. लांब बस, पण बस तिथे."

मी मोजपट्टी आणली, अंतर मोजलं आणि बसलो.