वीस गॉज

परवा नातवाला लस टोचताना स्पिरिटचा वास आला आणि मला जालन्यातलं ते ऑपरेशन थिएटर आठवलं. आष्टीहून येऊन नर्स म्हणून लागले, त्याला दोनच महिने झाले होते. पोट शिवण्याआधी रक्त टिपायचे वीस गॉज मोजून सांगणं माझं काम. मी इंग्रजीत मोजत होते. डॉक्टरसाहेब मधेच इंग्रजीत काहीतरी मागत आणि आकडा डोक्यातून निसटे.

"बराबर हैत का?" त्यांनी सुई हातात घेतली.

"थांबा साहेब, पुन्हा मोजते."

"जल्दी करा. बाईचं बीपी उतरून राह्यलंय."

या वेळी मी मनातल्या मनात मराठीत मोजलं. साहेब बोलत राहिले, तरी आकडा हलला नाही.

"एकोणीसच आहेत, साहेब."

त्यांनी सुई ठेवली, पुन्हा पोटात शोधलं आणि भिजलेला गॉज बाहेर काढला. नंतर मी त्यांना खरं काय ते सांगितलं: इंग्रजीत आकडा निसटत होता, म्हणून मराठीत मोजलं.

पुढं प्रत्येक ऑपरेशनला ते विचारायचे, "सिस्टर, मराठीत मोजले ना?" बाकीचे हसायचे. मला ती थट्टा वाटायची, रडू यायचं. आज कळतं, ते खात्री करून घेत होते.