पहारबाईच्या घरातली दारं

पहारबाईला रागवायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण होतं, आणि चांगलं तुळईएवढं होतं.

जुन्या इमारती हातानं उतरवणं हा तिचा धंदा. खांद्यावर कायम पहार, म्हणून पहारबाई. खरं नाव सासूलासुद्धा आठवून सांगावं लागे. पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं, हे ती भेटेल त्याला सुनवायची. शेवटी बसवलं ते आधी काढायचं, खिळा उपटायचा, लाकडाला धक्का लावायचा नाही. पण हल्ली जिथं तिथं मशीन यायचं आणि संध्याकाळपर्यंत ढिगारा करून जायचं. तिच्या टोळीतल्या बायका घरी बसायला लागल्या होत्या.

म्हणून जुन्या शाळेच्या कामात तिनं जीव ओतला. इथल्या तुळया, दारं, विटा तिथंच मागे चाललेल्या नव्या शाळेच्या बांधकामात वापरायच्या होत्या. हे जमलं तर शहरातल्या सगळ्या जुन्या इमारती अशाच उतरवू, असा नगरपालिकेच्या साहेबांचा शब्द होता. नाही जमलं तर मशीन आहेच. बैठकीला साहेब, आर्किटेक्ट, ठेकेदार, शाळेचे अध्यक्ष, झाडून सगळे हजर.

"सामान सगळ्यांचं, जबाबदारी सगळ्यांची," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहारबाईनंही डोलावली. मेलं तिथंच चुकलं!

उतरवलेलं सामान ठेवायचं कुठं, हे कोणी बोललंच नाही. ठेकेदाराला वाटलं आर्किटेक्ट बघेल, आर्किटेक्टला वाटलं साहेब बघतील. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. बाईनं तुळया उतरवल्या, पुसल्या आणि फाटकाबाहेर फुटपाथवर नीट रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर फुटपाथ मोकळा.

"नगरपालिकेची गाडी आली होती," वॉचमन म्हणाला. "हे कोणाचं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांचं. तर म्हणाले, मग बेवारसच की."

ती कचरा डेपोवर धावली. तिथल्या लाकूड दळायच्या मशीनमध्ये तुळयांचा भुगा झाला होता. ती अशी काही ओरडली, की मशीनवाल्यानं घाबरून मशीन बंद केलं. आता बंद करून काय उपयोग, मुडद्या?

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, कचऱ्याचं खातं वेगळं. आर्किटेक्ट म्हणाला, आता लोखंडी तुळया घेऊ. ठेकेदार तर हसलाच. "बाई, मी आधीच सांगत होतो, मशीन बरं."

"आग लागो तुझ्या मशीनला!" तिनं फोन आपटला. रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त संताप होत होता.

त्याच दुपारी टोळीला घेऊन तिनं शाळेच्या आवारात उरलेली सगळी दारं हातगाड्यांवर घातली आणि घरी आणली. दारं पलंगावर, दारं ओट्याला टेकून, मोरीपर्यंत दारंच दारं.

"एवढ्याशा घराला एक दार पुरत होतं गं," सासू म्हणाली. पण कपाट सरकवून जागा तिनंच केली.

चार दिवसांत सगळे धावत आले. येतील नाहीतर काय! नव्या शाळेच्या चौकटी याच दारांच्या मापाच्या बसवून झाल्या होत्या. साहेब, अध्यक्ष, आर्किटेक्ट दारांमधून अंग चोरत एकेक करत आत शिरले. ठेकेदाराचं पोट अडकलं, त्याला सासूनं मागून ढकललं.

"चोरी आहे ही," अध्यक्ष म्हणाले. "सामान सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांच्या तुळया गेल्या भुग्यात. दारं माझी आहेत."

"बरं बाई, तुमची," ठेकेदार घाम पुसत म्हणाला. "उद्या टेम्पो पाठवतो."

"आणि नेऊन ठेवणार कुठं?"

ठेकेदारानं आर्किटेक्टकडे पाहिलं, आर्किटेक्टनं साहेबांकडे, साहेबांनी छताकडे.

पहारबाईनं बाहेरचं दार लावलं आणि आतून पहार आडवी घातली.

"बसा," ती म्हणाली. "जागा ठरल्याशिवाय कोणी उठायचं नाही."