पहिलीच्या वर्गातले चौदा दिवस

खोडाळ्याजवळच्या आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग मी दरवर्षी मागून घेते. यंदाच्या जूनमध्ये एक बाई मुलीचं नाव घालायला आली. जन्माचा दाखला माझ्यापुढे ठेवून, खुर्चीवर न बसता, ती वर्गभर नजर फिरवत राहिली. मी दाखल्यावरचं साल वाचलं, मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि ओळखलं.

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवरून आमच्याकडची माणसं पायी परतत होती. गावात जाण्याआधी त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे, म्हणून नावं लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. ही, तिचा नवरा आणि आणखी सात जण याच खोलीत राहिले. तिला पाचवा महिना होता. तिच्या नवऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं, मग वडिलांचं. तिन्ही लिहून झाल्यावर मी विचारलं, वडील कुठे दिसत नाहीत? तो रस्त्याकडे बघू लागला. शेवटी तिनेच सांगितलं, कसाऱ्यापुढच्या चढाला ते सावलीत टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. मी ते नाव खोडलं नाही.

रोज मी भाकरी-कालवण पायरीवर ठेवायची, दहा पावलं मागे सरायची आणि मग हाक मारायची. सहाव्या दिवशी दुपारी ती भांडं न्यायला आली आणि घेरी येऊन पायरीवरच पडली. मी जागची हलले नाही. पदर नाकाशी धरून नुसती ओरडत राहिले. आतून तिचा नवरा धावत आला आणि त्याने तिला उचलून नेलं. चौदा दिवस झाल्यावर ते सगळे आपापल्या पाड्यांवर गेले. त्या दुपारबद्दल मी कुणाजवळच बोलले नाही, घरीसुद्धा नाही.

आता अर्ज भरता भरता तिची हकिगत कळत गेली. दोघं पुन्हा भट्टीवर गेलीच नाहीत. सासऱ्यांच्या माळाच्या तुकड्यात त्यांनी मोगरा लावला. पहिल्या वर्षी निम्मी रोपं जळाली, ती पुन्हा लावली. आता सकाळी लवकर कळ्या खुडून नवरा टोपली बाजाराच्या गाडीवर पोचवतो. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून भट्टीकडे निघायची वेळ आता येत नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

अर्जावर अंगठा न उठवता तिने सावकाश सही केली. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "तू पायरीवर पडलीस तेव्हा मी जवळ आले नाही. मला ते अजून सलतं."

तिने पेन खाली ठेवलं. "मना तेव्हा राग आला व्हता," ती म्हणाली. "मग पोरगी झाली, तेव्हा समजला. तुमची पोरा घरात व्हती, माझी पोटात. दोघी भ्यालो."

एवढं बोलून तिने मुलीला खिडकीखालच्या कोपऱ्यात नेलं. इथं आम्ही झोपायचो, तू पोटात लाथा मारायचीस, असं सांगितलं. तुझा आजा आमच्याबरोबर निघाला होता, तो वाटेत राहिला, हेही तिने त्याच आवाजात सांगितलं. मुलीने विचारलं, आजा कसा होता? मग आई सांगत बसली. तो चालताना कसा गुणगुणायचा, नागलीची भाकरी त्याला कशी जाडच लागायची. ऐकता ऐकता मी दाखल-खारीज रजिस्टरात मुलीचं नाव घातलं. हात हलका चालत होता.

बाहेर दुसरे पालक थांबले होते. मुलगी भिंतीवरच्या तक्त्यापाशी जाऊन कमळावर बोट ठेवून उभी राहिली. आई दारात घुटमळली.

मुलगी मागे न बघता म्हणाली, "तू जा आता."

आई हसली, आणि गेली.