बर्फाला घाम येईपर्यंत

३१ मे, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. औषधनिर्माण महाविद्यालयातील आमच्या प्रयोगशाळेची वीज गेली. बाहेर नागपूरचे ऊन होते. त्याचा आकडा सांगण्याची गरज नाही. मावशींच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस. चार वाजता निरोपसमारंभ ठरला होता, आणि मावशी नव्या मोरपंखी साडीत फ्रीजचे बंद दार दोनदा ओढून पाहत होत्या.

दार ओढून पाहणे ही त्यांची सवय. लावलेल्या दारावर त्यांनी वीस वर्षांत एकदाही विश्वास ठेवला नाही. "मावशी, दाराशी काही वैर आहे का?" असे मी एकदा विचारले होते. "वैर नाही सर. त्याची नियत पाहून राहिली," असे उत्तर मिळाले. मी विभागप्रमुख, त्या परिचर. हा फरक मी विसरत नसे. त्या तो फारसा लक्षात ठेवत नसत.

फ्रीजमध्ये रोहिणी या माझ्या विद्यार्थिनीचे काम होते. कर्करोगाचे औषध उघडे दिले, तर ते गाठीबरोबर उरलेल्या शरीरालाही पोळते. म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरतात. या पिशव्या दोन ते आठ अंशांत वर्षभर टिकतात का, हे ती तपासत होती. ऊब लागली की त्या पाझरतात. गोठल्या की फुटतात. अकरा महिने झाले होते, एक उरला होता. नमुने बिघडले तर सारे पहिल्यापासून. मावशी त्यांना 'पुरचुंड्या' म्हणत. शास्त्रीय नाव मी अनेकदा सांगितले. पुरचुंड्याच राहिल्या.

जनरेटरने तीनदा खोकून मान टाकली. मावशींचे यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. शिपाई गजाननाला तेवढे पुरले. "मावशी, तुमच्या गावची वीज गेली ना वं!"

"आमच्या गावात बनते गा. जाते ते तुमच्या गावात."

मी आज्ञा केली: फ्रीझरमधील आइसपॅक काढा, शीतपेटीत रचा, नमुने मध्ये ठेवा. ताबडतोब.

मावशींनी सोळा पॅक काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. पेटीत एकही ठेवला नाही.

"पेटीत, मावशी."

"घाम येऊ द्या सर त्याईले."

"फ्रीज सहावर गेला आहे."

"सहा म्हंजे आठ नाही."

मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही. तरुणपणी त्या गावोगाव लसीची पेटी वाहत असत, एवढे मला ठाऊक होते. पुढचे त्या दिवशी कळले.

"असंच ऊन होतं सर. उन्हाच्या भेवानं मी कडक बर्फ लसीले भिडवला. गावात जाऊन पेटी उघडली तं लस गोठून गेली होती. लेकरं रांगेत उभे, अन् डॉक्टरीणबाईनं पेटीभर लस फेकाले लावली. ते लस उन्हानं नाही मेली. माह्या भेवानं मेली."

मी खुर्चीत बसलो. हे शास्त्र मला माहीत होते. परीक्षेत मी तेच विचारीत असे.

फ्रीझरमधून नुकताच निघालेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो सुटू लागला, पॅकवर दव धरले आणि आत पाणी खुळखुळले, की मगच त्याच्याजवळ पुरचुंडी सुरक्षित. मावशी एकेक पॅक उचलून कानाशी हलवीत आणि खाली ठेवीत. फ्रीज सात. साडेसात. रोहिणीचे डोळे भरले.

"रडू नको वं. तुह्या रडण्यानं खोली अजून तापते."

गजानन दारातून डोकावला. "तिकडं समोसे थंडे होऊन राहिले, अन् इकडं तुम्ही बर्फ गरम करून राहिल्या!"

"तू खाऊन घे गा. तोंड भरलं तं शांतता तरी राहीन."

फ्रीज पावणेआठवर असताना त्यांच्या कानाशी पाणी वाजले. मग दुसऱ्या पॅकमध्ये, मग तिसऱ्या. "आता भर," त्या म्हणाल्या. नमुने पेटीत गेले. पेटीचा काटा पाचवर येऊन थांबला.

समारंभ त्याच खोलीत, पेटीभोवती झाला. माझे भाषण दोन वाक्यांचे होते. "आज मावशींनी माझी आज्ञा मोडली. विभाग त्यांचा आभारी आहे." टाळ्या आवश्यकतेपेक्षा अधिक वाजल्या. उत्तरादाखल मावशी उठल्या. "सर आज पहिल्यांदा चुकले, असं मी नाही म्हणत. पहिल्यांदा गप बसले." त्या टाळ्या त्याहून लांबल्या. समोसे थंडच होते. मी दोन खाल्ले.

सहा वाजता वीज आली. बसची वेळ होत होती, पण मावशी गळ्यातल्या हारासह स्टुलावर बसून होत्या. "आधी पुरचुंड्या पाहा." रोहिणीने यंत्रावर पिशव्यांचा आकार मोजला, औषध बाहेर झिरपले का, तेही पाहिले. आकार पूर्वीचाच. औषध आतच. तिने मावशींना मिठी मारली; हार चुरगळला. "झालं मंग," म्हणत त्यांनी तो पिशवीत घातला. "येतो सर."

"या," मी म्हणालो. आणखी काही म्हणायला हवे होते. तोवर त्या फाटकापाशी पोहोचल्या होत्या.

नमुने पुन्हा फ्रीजमध्ये गेले होते. सगळे गेल्यावर मी सोळा पॅक पुसून कोरडे केले आणि मावशी ठेवत तसे, मध्ये बोटभर जागा सोडून, फ्रीझरमध्ये उभे लावले. दार बंद केले. दोनदा ओढून पाहिले.