सहा आठवड्यांचा कागद

लाइलचे कामाचे शर्ट ट्वायला नेहमी वेगळे धुवायची. घरातल्या मशीनमध्ये नाही. मागच्या अंगणात पत्र्याखाली एक जुनं मशीन होतं, कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेलं. ते तिने आणून चालू केलं होतं. खाणीतल्या अवजड डंपरांची इंजिनं उकलणाऱ्या माणसाच्या कपड्यांत जे काळं तेल मुरतं, ते पोरांच्या शाळेच्या कपड्यांना लागलं तर जन्मात निघत नाही. अमेरिकेत, केंटकीत तिची आई बापाचे कपडे असेच वेगळे धुवायची. तिथे कोळशाची भुकटी होती, इथे तेल आहे, एवढाच काय तो फरक. अर्धी पृथ्वी ओलांडून आलं तरी बाईच्या हातचा साबण सुटत नाही.

अमेरिकन म्हणजे पैसेवाला, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा ट्वायला हॅचरचे हात बघावेत. ऑस्ट्रेलियातल्या एमराल्ड गावच्या वृद्धाश्रमात ती साठ म्हाताऱ्यांची भांडी घासते, तीन वर्षं झाली. वय एकेचाळीस, पण ताटं पुसताना खिडकीच्या काचेत चेहरा दिसला की तिला वाटतं, ही कोण आणखी एक रहिवासी आली? गावातल्या बायका सुरुवातीला विचारायच्या, "काय गं, तुमच्याकडे घरात पोहायचा तलाव होता ना?" ट्वायला म्हणायची, "होता की. पावसाळ्यात तळघरात." त्या हसायच्या. तिने खरं तेच सांगितलेलं असायचं.

पहाटे साडेचारला गजर. लाइलचा डबा, दोन पोरांचे डबे, स्वतःचा डबा. आठ वर्षांच्या ओवेनची रुंद काठाची टोपी शोधायची, कारण इथल्या शाळेत टोपी नाही तर मैदानात पाय ठेवायचा नाही. सावलीत बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. ऑक्टोबरात झाडांवरचे मॅगपाय पक्षी पिल्लांपायी पिसाळतात आणि सायकलवरच्या पोरांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून त्याच्या हेल्मेटला प्लॅस्टिकचे काटे बांधून द्यायचे. मग तेरा वर्षांच्या लेसीला हाक मारून भावाला तिच्या ताब्यात द्यायचं आणि सहाच्या ठोक्याला कामावर. हे सगळं करताना ती कुणावर ओरडत नाही. ओरडायलाही थोडी ताकद शिल्लक लागते.

तर त्या शनिवारी तिने लाइलचे आठवड्याचे पाच शर्ट मशीनपाशी ओतले आणि हातातला साबण हातातच राहिला.

शर्टांना तेल नव्हतं. एकाही शर्टाला. घामाचा वास होता, पण तो नुसता उन्हाचा. तिने पँटी उलटून बघितल्या. गुडघे स्वच्छ, आणि बुडाला कुसळं. मुठीमुठीने रुतलेली.

पहिल्यांदा जे कुठल्याही बाईच्या मनात येईल तेच आलं. पण मग तिला स्वतःचंच हसू आलं. कुसळांत बसवणारी बाई कोण असणार? आणि लाइलला बोलायला शब्द तरी कुठून मिळणार? हा माणूस गेल्या ख्रिसमसला तिच्यासाठी पान्यांचा संच घेऊन आला होता, भेट म्हणून. नळाच्या पाइपाचे पाने.

रविवारी तो गवत कापत असताना ती त्याच्या गाडीत शिरली आणि समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या फळीमागे खोचलेला कागद तिला सापडला. घड्या घालून घालून मऊ पडलेला. वर्कशॉपच्या कचेरीचा. सोमवारपासून सहा आठवडे कामावर येऊ नये. तारीख बघितली. तो सोमवार उलटून सहा दिवस झाले होते. म्हणजे कामाचे पाच दिवस हा माणूस पहाटे उठतो, नारिंगी शर्ट चढवतो, बुटांच्या नाड्या बांधतो, तिने केलेला डबा उचलतो, "येतो" म्हणतो आणि जातो.

तिने कागद होता तसा खोचून ठेवला. त्यांचा इथला व्हिसा लाइलच्या नोकरीला दावणीसारखा बांधलेला. दावण सुटली की चौघांनाही बाहेरचा रस्ता. पक्क्या वास्तव्याचे कागद कुठल्यातरी टेबलावर वर्षभर पडून होते. केंटकीतलं घर विकून विमानाची तिकिटं काढलेली. परत जायचं म्हणजे कुठे? आईच्या दोन खोल्यांत?

सोमवारी पहाटे पाचला आईचा फोन आला. तिकडे रविवारची दुपार असते. चर्च झालं, जेवण झालं की म्हातारी फोन लावते. पोरं तिला मॅमॉ म्हणतात, ट्वायला मम्मा.

"लाइलचं काम ठीक ना गं?"

"ठीक आहे मम्मा."

"आवाज असा का?"

"झोप झाली नाही."

समोरच लाइल डब्याचं झाकण दाबत उभा होता. दोघांची नजर भेटली आणि दोघांनी ती काढून घेतली. तो गेला, गाडी कोपऱ्यावर वळली. फळीमागचा कागद तिने पहाटेच गाडीतून हळूच काढून आणला होता आणि तो आता तिच्या खिशात होता.

नोलीन वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण. साठीची, आवाज भोंग्यासारखा. कामगारांची युनियन चालवते ती हीच. साडेनऊच्या चहाला मागच्या पायरीवर बसून तिने सिगारेट पेटवली, तेव्हा ट्वायला शेजारी टेकली.

"नोलीन, काम गेलं तर देश सोडायला किती दिवस देतात गं?"

"कुणाचं गेलं?"

ट्वायलाने कागद दिला आणि लाइल तरीही रोज डबा घेऊन निघतो तेही सांगितलं. नोलीनने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अशी हसायला लागली की आतून एक म्हातारा ओरडला, "ए, हसता काय? चहा कुठाय माझा?"

"अगं बये," नोलीन डोळे पुसत म्हणाली, "यात काढून टाकलं असं कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखव."

"तसं कधी कुणी लिहितं का? आमच्याकडे, केंटकीत, लाइलला पण असाच कागद दिला होता. सहा आठवडे घरी राहा, म्हणाले. मुकादमाने प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली. सहा आठवड्यांनी गेला तर फाटकाला कुलूप, आणि शेवटच्या पगाराचा चेक बँकेने परत केला."

नोलीनचं हसू ओसरलं. तिने सिगारेट पायरीवर चुरडली.

"ऐक. साठलेली रजा, असं लिहिलंय इथे. ही सुट्टी आहे. त्याची स्वतःची, हक्काची. तीन वर्षं साठवून ठेवलीय मूर्खाने. एकदा तरी घेतली का त्याने?"

"सुट्टी मागणारा माणूस पहिला जातो. लाइल म्हणतो."

"म्हणूनच आता मालक त्याला ढोसतोय, घे बाबा एकदाची. साठली की त्यांनाच डोईजड होते."

"आणि पगार?"

"चालू."

"अर्धा?"

"पुरा! वर थोडा चढवून. सुट्टीत ओव्हरटाइम बुडतो ना, त्याची भरपाई."

ट्वायला तिच्याकडे बघतच राहिली. "काम न करता जास्त पैसे? कोण देतं असं?"

"आपणहून कुणाचा बाप देत नाही!" नोलीन एकदम भडकली. "मालकाच्या काळजाला पाझर फुटला म्हणून नाही मिळालं हे. माझा बाप रेल्वेत होता. संप झाला तेव्हा आठवडेच्या आठवडे उकडलेल्या बटाट्यांवर काढले आम्ही. कुणीतरी उपाशी राहिलं म्हणून तुझ्या नवऱ्याला आज मासे धरायला वेळ मिळतोय. आणि हा गाढव... जातो तरी कुठे रोज?"

"कुसळी गवत धरणावरच आहे."

"जा मग. भांडी मी बघते."

ट्वायला उठली नाही. तिला सुट्टी नव्हती. ती तासावरची बाई. आली तर पैसे, नाही आली तर नाही. तासाला चार पैसे जास्त पडतात म्हणून तिने ते पत्करलेलं. सुट्टी मिळणाऱ्या कायम नोकरीचा अर्ज नोलीनने वर्षापूर्वीच तिच्या कामावरच्या कपाटात टाकला होता. तो तिथे मोज्यांखाली पडून होता.

"बसलीस काय अशी? तू पण तसलीच," नोलीन म्हणाली. "नवरा-बायको दोघं एका माळेचे मणी. जा म्हणते ना!"

धरणाच्या काठाला, निलगिरीच्या झाडाखाली लाइल बसला होता. बुटांच्या नाड्या घट्ट, कामाचा चष्मा गळ्यात, डबा उघडलेला. रिकामा बसूनही चहाची सुट्टी तो घड्याळावर घेत होता. तिच्या गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वळवली आणि तो उभा राहिला, मुकादम आल्यावर राहतात तसा.

"मी सांगणार होतो तुला," तो म्हणाला.

"कधी?"

"दुसरं काही मिळालं की. दोन गॅरेजं फिरलो. व्हिसाचं नाव काढलं की हात वर करतात."

"लाइल, ती सुट्टी आहे."

"असंच म्हणतात ते."

"खरी सुट्टी. पगारी."

"कोण म्हणालं?"

"नोलीन."

"नोलीन स्वयंपाकीण आहे, ट्वायला."

"आणि तू मेकॅनिक आहेस. तुला तरी कुठे वाचता आलं? लाव फोन बॅरीला. आत्ता. माझ्यासमोर."

बॅरी म्हणजे त्याचा मुकादम. लाइलने फोन लावला आणि हात लांब धरला, जसा काही त्यातून चटका बसणार होता.

"काय रे लाइल?" बॅरीमागे यंत्रांचा घणघणाट होता. "हे बघ, सुट्टीत मला फोन केलास तर नोकरीवरून काढून टाकीन हां!"

लाइलचा चेहरा पांढराफटक पडला. पलीकडे बॅरी खो खो हसत सुटला. "अरे मस्करी रे! अरे? आहेस ना? नोव्हेंबरच्या मध्याला ये. आणि तुझा तो मोठा पाना कुठे ठेवलायस ते तेवढं सांग, इथे कुणाला सापडत नाहीये."

"डावीकडच्या खणात," लाइल म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "डावीकडच्या." फोन बंद झाल्यावरही त्याने हात तसाच लांब धरून ठेवला होता.

वाटेत ट्वायलाने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. सहा दिवस माझ्या हातचा डबा घेऊन खोटं बोललास, मी तुझी कोण, पोरांची आई की कपडे धुणारं मशीन? आता ते सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसकण मारून बसलं. लाइलने डब्यातलं सँडविच मोडून अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, गाडीच्या सीटवर बसून दोन घास खाल्ले आणि तिसरा घास हातात धरूनच तिला झोप लागली.

जागी झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि काचेवर नारिंगी शर्ट टांगलेला होता, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. लाइल गंजिफ्रॉकवर बाहेर उभा, उघड्या खांद्यांनी भाजत.

"बाराचा भोंगा झाला असेल," तो म्हणाला. "मी जेवायला उठणारच होतो. मग म्हटलं, कशाला."

सुट्टी सुरू झाली ती लाइलची. ट्वायलाची नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारच्या गजराला ती उठली तर हा आधीच ओट्याशी उभा, चार डबे मांडून, आणि कुठल्या डब्यात काय जातं ते त्याला माहीत नव्हतं. ओवेनला बहिणीचा डबा गेला. टोपी मिळाली नाही म्हणून पोराने दिवस सावलीत काढला. घरी येऊन म्हणाला, "डॅड, तू कामावर कधी जाणार?" लाइलने सगळे नळ उघडून बसवले, जुन्या मशीनची मोटर खोलली, गुरुवारपर्यंत घरात दुरुस्त करायला काही उरलं नाही, आणि मग तो अंगणात खुर्ची टाकून बसला. ट्वायला कामावरून आली तेव्हा तो घोरत होता, तोंड उघडं टाकून. तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. राग आला. मग कपाटातून आणलेला, मोज्यांचा वास लागलेला कागद तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला आणि सही केली. शुक्रवारी तो नोलीनच्या हातात दिला. नोलीन नुसती म्हणाली, "वर्ष लागलं, बाई."

सोमवारी पहाटे पाचला आईचा फोन.

"हे मागून कोण खोकतंय?" म्हातारी म्हणाली. "लाइल गेला नाही कामावर?"

"नाही मम्मा. सुट्टीवर आहे. सहा आठवडे."

आई हळू आवाजात म्हणाली, "पोरांना सांगितलंस?"

"मम्मा, खरी सुट्टी आहे. इथे मिळते. पगार देतात, वर थोडा जास्तच."

"हो गं बाई." आवाज फार मऊ झाला होता, ट्वायलाचे वडील गेले तेव्हा झाला होता तसा. "तुझे वडीलही मला असंच सांगायचे. लाज वाटून घेऊ नकोस. मी तुझी खोली झाडून ठेवते."

ट्वायलाने घड्याळ बघितलं. पाच पंचवीस. समजावून सांगायचं तर नोलीनचा बाप, रेल्वे, बटाटे, सगळं सांगावं लागणार, आणि सहाला सिंक भरलेलं असणार.

"ठेव झाडून, मम्मा," ती म्हणाली. "जूनमध्ये येतोय आम्ही. तेव्हा माझीही सुट्टी साठलेली असेल. आणि ऐक, परतीचं तिकीट काढूनच येणार आहोत."

"ये गं," म्हातारी म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे उघड होतं.

ट्वायलाने फोन ठेवला, ओट्यावरचे चार डबे एकेक उघडून बघितले, लाइलने अदलाबदल केलेले दोन नीट केले, आपला उचलला आणि निघाली.